गार पाण्यात उतरण्यापूर्वी

बोरिवलीच्या पूर्वेला डोंगर आहेत. तिथे कान्हेरीची लेणी आहेत. याच डोंगरात, तुळशी तलावाच्या बाजूने, आपली दहिसर नदी निघते. ती जंगलातून खाली उतरते. बोरिवली आणि दहिसर ओलांडून ती मनोरीच्या खाडीकडे जाते. नदी लहान आहे. तिची लांबी सुमारे १२ किलोमीटर. पण इकडच्या कितीतरी जुन्या माणसांनी पहिला हात मारला तो अशाच नदीत, नाहीतर गावच्या विहिरीत.

अशा पाण्यात शिकलेल्या माणसाला वाटते, आपल्याला पोहता येते. मग कुठलेही पाणी असो, काय भ्यायचे? आम्हालाही तसेच वाटत होते. पण एका यात्रेत आमचे डोळे उघडले. ती हकिकत आधी सांगतो.

एका वर्षी वैशाखात आम्ही बोरिवलीची काही मंडळी हरिद्वारला गेलो. दुपारची वेळ होती. पायऱ्या इतक्या तापल्या होत्या की पाय ठरेना. समोर गंगा धावत होती. आमच्यात एक जवान गडी होता. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला, पट्टीचा पोहणारा. बरोबरची एक म्हातारी मावशी त्याला म्हणाली, "बाबा, घाटाला साखळ्या लावल्यात त्या उगीच नाहीत. साखळी धरून बुडी मार."

तो हसला. "मावशी, मी काय पाण्याला नवा आहे?" असे म्हणून त्याने सूर मारला.

वर आला तो तोंड वासूनच. हाक मारायला गेला, पण आवाज फुटेना. श्वास नुसता आत ओढला जात होता. हात चालत होते, पण पोहणे होत नव्हते. धारेने त्याला खाली नेले. नशीब चांगले, म्हणून पुढच्या साखळीला त्याचा हात लागला. दोघातिघांनी मिळून त्याला पायरीवर ओढून घेतले. त्याच्या अंगाला कापरे भरले होते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी पोहायला विसरलो नव्हतो. मग असे झाले तरी काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

ऊन डोक्यावर, बर्फ पाण्यात

आपली दहिसर नदी पावसाच्या पाण्यावर चालते. आपल्या मुलखात थंडी बेताची. त्यामुळे इथले पाणी फार गार होत नाही. गंगेचे तसे नाही. तिचा एक मोठा प्रवाह भागीरथी. तो गोमुखाला बर्फातून निघतो. ती जागा समुद्रापासून सुमारे ४,००० मीटर उंच आहे. दुसरा प्रवाह अलकनंदा. तोही बर्फाच्या डोंगरातूनच येतो. देवप्रयागला दोन्ही मिळतात, आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणतात. हरिद्वारला ती डोंगर सोडून मैदानात येते.

वाटेत पाणी थोडे तापते. पण धार जोराची असते, म्हणून तापायला वेळ कमी मिळतो. शिवाय ऊन जितके कडक, तितका वर बर्फ जास्त वितळतो. म्हणून वैशाखातल्या भर दुपारीही ते पाणी गारच असते. हवा गरम आहे म्हणजे पाणीही गरम असेल, हा समज चुकीचा आहे.

उष्णता अंशांत मोजतात, हे आपल्याला तापाच्या काचनळीवरून ठाऊक आहे. निरोगी माणसाचे अंग ३७ अंशांच्या आसपास असते. वितळणारा बर्फ ० अंश असतो. आपल्याकडचे पाणी बहुतेक काळ २५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. पाणी १५ अंशांच्या खाली गेले की ते अंगाला फार बाधते. गंगोत्री आणि बद्रीनाथ इथल्या नद्या त्याहून पुष्कळ गार असतात. बद्रीनाथला नदीकाठीच तप्तकुंड आहे. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला आहेत तसेच ते गरम पाण्याचे कुंड. यात्रेकरू त्याच कुंडात अंघोळ करतात. यात सोयही आहे आणि शहाणपणही आहे.

गार पाणी अंगाला काय करते?

गार हवेत आपण बराच वेळ उभे राहू शकतो. गार पाण्यात नाही. कारण हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. त्याचे परिणाम एकामागून एक होतात.

पहिला परिणाम पहिल्या एकदोन मिनिटांत होतो. अंगाला गारठ्याचा धक्का बसतो. माणूस मोठ्याने श्वास आत ओढतो. तो त्याच्या हातात नसतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असले तर पाणी छातीत जाते. काळीजही जोराने धडधडते. म्हणून म्हाताऱ्यांना आणि हृदयाचा आजार असलेल्यांना हा धक्का जास्त घातक. आमच्या गड्याला झाले ते हेच.

दुसरा परिणाम सुमारे दहा मिनिटांनी दिसू लागतो. हातापायांतले रक्त अंगाच्या आत ओढले जाते. बोटे बधिर होतात. दंडात आणि पोटऱ्यांत जोर राहत नाही. दोर हाती आला तरी मूठ वळत नाही. चांगला पोहणारासुद्धा इथे बुडतो.

तिसरा परिणाम अर्ध्या तासानंतर किंवा त्याहून पुढे होतो. सारे अंगच गार पडू लागते. माणूस बरळतो, झोपाळतो, मग शुद्ध हरपते.

मग लोक थंड समुद्र पोहून जातात ते कसे?

असे कोणी विचारील. मिहिर सेन १९५८ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांमधली खाडी पोहून गेले. १९५९ साली आरती साहा यांनीही ती पार केली. त्या खाडीचे पाणी उन्हाळ्यातही १५ ते १८ अंशच असते. आपल्या पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ पर्यंत जगातल्या सात अवघड सामुद्रधुनी पोहून पार केल्या. पण असे पोहणारे एकदम पाण्यात उडी घेत नाहीत. ते महिनोन् महिने सराव करतात. अंगाला गारठ्याची सवय थोडी थोडी लावतात. बरोबर होडी असते आणि त्यात लक्ष ठेवणारी माणसे असतात. आपण यात्रेला जातो तेव्हा यातले काहीच आपल्याजवळ नसते.

म्हणून एवढे करा

गार नदीत सूर मारू नका. आधी पायरीवर बसा. तांब्याने पाणी घेऊन पायांवर, हातांवर, मग मानेवर आणि छातीवर घाला. श्वास शांत झाला की साखळी धरून उतरा. बुडी मारा आणि लगेच बाहेर या. ज्याला हृदयाचा आजार आहे त्याने तांब्यानेच स्नान करावे. पुण्य काही कमी होत नाही.

चुकून कोणी पाण्यात पडलाच, तर पहिली दोन मिनिटे त्याने झटापट करू नये. उताणे व्हावे, तोंड वर ठेवावे, तरंगावे. धाप कमी झाली की हातात बळ आहे तोवर काठ गाठावा. धारेच्या विरुद्ध जाऊ नये. तिरके काठाकडे यावे.

काठावरच्यांनी त्याच्यामागे उडी टाकू नये. एकाच्या जागी दोघे जातात. दोर, लुगडे, लांब काठी, रिकामा बंद डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे. बाहेर आल्यावर ओले कपडे काढावेत, अंग पुसावे, घोंगडीत गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत. विस्तवाजवळ नेऊ नये. दारू तर मुळीच देऊ नये. तो चांगला शुद्धीवर असेल तर कोमट गोड चहा द्यावा. श्वास किंवा शुद्ध ठीक नसेल तर वेळ दवडू नये, ताबडतोब मदत बोलवावी. त्यासाठी सगळीकडे ११२ हा क्रमांक चालतो. आपल्या महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

आपली नदीही कमी नाही

आपल्या नदीत बर्फ नाही, पण तिचा धोका वेगळा आहे. पावसाळ्यात वर कान्हेरीच्या डोंगरात सर आली की खाली ऊन असले तरी नदी पाहता पाहता चढते. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की तत्काळ काठ धरावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सपाट जमिनीवर साचला असता तर कमरेएवढे पाणी झाले असते. त्या दिवशी उपनगरातल्या लहान लहान नद्यांनी घरे बुडवली.

वस्तीतून जाताना आता या नदीत सांडपाणी मिसळते. अंगावर जखम असेल तर अशा पाण्यात पाय घालू नये. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत असते. त्यातून लेप्टोचा ताप येतो. आणि विहार, तुळशी या तलावांचे पाणी पिण्याचे आहे. तिथे पोहायला मनाई आहे, आणि तिथे मगरीही आहेत.

तो आमचा गडी दोन वर्षांनी पुन्हा हरिद्वारला गेला. या वेळी आईला घेऊन गेला. आधी त्याने तांब्याने आईच्या पायांवर पाणी घातले. मग दोघांनी साखळी धरली आणि तीन बुड्या मारल्या. परत आल्यावर मावशीने विचारले, "काय रे, पोहलास का?" तो म्हणाला, "नाही मावशी. पोहायला आपली विहीर आहे."