वनस्पतिज म्हणून निर्दोष? सरकीने शिकविलेला धडा

चिकित्सालयात कधीकधी एखादा तरुण दबक्या स्वरात विचारतो, "डॉक्टर, पत्नीला गोळ्या सोसत नाहीत, माझ्यासाठी एखादी वनौषधी नाही का?" वनस्पतीपासून अपाय होत नाही, हे त्याने गृहीतच धरलेले असते. अशा वेळी आम्हांस गॉसिपॉलचे स्मरण होते.

गॉसिपॉल हे सरकीतील पिवळे द्रव्य. चीनमधील ज्या खेड्यांत शुद्ध न केलेले सरकीचे तेल खाण्यात होते, तेथे वंध्यत्व आढळले. पुढे १९७० च्या दशकात तेथे ८ हजारांहून अधिक पुरुषांवर त्याची चाचणी सुरू झाली. शुक्राणूंची संख्या खरोखरच घटली. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम उतरून स्नायुदौर्बल्य आले आणि काहींमध्ये औषध थांबविल्यावरही शुक्राणू परतले नाहीत. गर्भनिरोधक म्हणून त्याचा मार्ग तेथेच खुंटला.

म्हणूनच प्रयोगशाळेतील परीक्षणाची रीत वैद्याने समजून घेतली पाहिजे. शुक्राणुनिर्मितीस मोठ्या उंदरात सुमारे ५२ व मनुष्यात सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे आठवड्याभराच्या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही. वृषणाचे सूक्ष्म छेद तपासून नेमक्या कोणत्या अवस्थेतील पेशी नष्ट झाल्या, हे पाहावे लागते. मूळ पेशी शाबूत असतील तर निर्मिती पुन्हा सुरू होण्याची आशा असते. त्याच नष्ट झाल्या तर हानी कायमची ठरते. शिवाय यकृत, वृक्क व रक्तातील अंतःस्राव तपासणे, औषध बंद करून फलनक्षमता परतते का हे पाहणेही आवश्यक असते. प्राणीही एकापेक्षा अधिक हवेत. गॉसिपॉलचा परिणाम हॅम्स्टरवर तीव्र होतो, सशावर मात्र फारसा होत नाही.

आपल्याकडे जयपूर येथील राजस्थान विद्यापीठात पपईच्या बियांच्या अर्काचे वानरांवर प्रयोग झाले. शुक्राणू नाहीसे झाले व औषध थांबविल्यावर परतले. हे आशादायक असले तरी त्यावरून रुग्णास पपईच्या बियांचे चूर्ण देणे योग्य नव्हे.

सुश्रुताचार्यांनी रसापासून शुक्र होण्यास एक महिना सांगितला आहे. शुक्रधातू सावकाश घडतो, हे आपणांस नवे नाही. मग त्याविषयीचे दावे घाईने का करावेत? त्या तरुणास आम्ही निरोधाचा वापर सांगतो, कुटुंब पूर्ण झाले असल्यास बिनटाक्याच्या नसबंदीची माहिती देतो. पुडी मात्र बांधून देत नाही.