तात्या विंचू अजून झपाटतो का?

बारामतीहून इंदापूरला निघालं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं एकामागून एक लागतात. तुकोबांच्या पालखीची ही वाट. या पट्ट्यात पस्तिशी-चाळिशीच्या कुणाजवळही 'तात्या विंचू' एवढंच म्हणा. आधी हसू येईल, मग रात्री एकट्यानं अंगणात जायला कसा धीर व्हायचा नाही, ते ऐकायला मिळेल. प्रश्न आहे तो या लोकांच्या मुलांचा. हातात मोबाइल घेऊन वाढलेल्या या पिढीवर लाकूड, कापड आणि रबराच्या बाहुलीची जादू चालते का? की आईबापांच्या आठवणींवरच तात्या तगून आहे?

बाहुल्यांचं घराणं

तात्या विंचू ज्यातून आला, तो महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ चा. कल्पनेचं मूळ परदेशी होतं. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटात एका खुन्याचा आत्मा 'चकी' नावाच्या बाहुल्यात शिरतो. कोठाऱ्यांनी ही कल्पना उचलली आणि तिला पुरतं मराठी करून टाकलं. बाबा चमत्कारकडून मिळालेला मृत्युंजय मंत्र, कुबड्या खवीस, पोलिसी खाक्याचा महेश जाधव आणि बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेला गावाकडचा लक्ष्या. तात्याला आवाज मिळाला दिलीप प्रभावळकरांचा. बाहुला घडवला आणि नाचवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी.

पाध्ये हे नाव आलं की तात्याच्याही मागे जावं लागतं. रामदासांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला, त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली. पुढे आवडाबाई आली, पोरं आली, संसार वाढला. रामदासांनी तो रंगमंचावर आणि दूरदर्शनवर नेला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससाही त्यांच्याच हातचा. आज अपर्णा पाध्ये आणि सत्यजित पाध्ये हा वारसा चालवतात. एका घरातल्या तीन पिढ्या एकाच बाहुल्याला बोलतं ठेवतात, याला तोड नाही.

बघणाऱ्यामुळे जिवंत

शब्दभ्रमाची खरी कसोटी ओठांची असते. त, द, न, क, ग ही अक्षरं ओठ न मिटता जिभेनं काढता येतात. प, फ, ब, भ, म आले की ओठांना ओठ लागायलाच हवा, आणि तो लागला की बिंग फुटलं. म्हणून कलावंत 'म'च्या जागी 'न'च्या जवळचा, 'प'च्या जागी 'त'च्या जवळचा आवाज काढतो. जीभ दातांमागे नेमकी कुठे टेकवायची, याचा रियाज वर्षानुवर्षं चालतो. बाकीचं काम प्रेक्षकाचा कान करतो. बाहुलीचा जबडा शब्दाबरोबर हलला की आवाज तिथूनच आला, असं तो मानून चालतो.

एवढ्यावर भागत नाही. अर्धवटराव आगाऊपणे काही बोलतो तेव्हा पाध्ये त्याच्याकडे वळून बघतात, चपापतात, त्याला गप्प करू पाहतात. बाहुल्याच्या चेहऱ्यावर भाव मोजकेच. उरलेले सगळे शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटतात आणि आपण ते बाहुल्याच्या नावावर जमा करतो.

'झपाटलेला' या नजरेनं पुन्हा बघावा. तात्या चौकटीत असतो त्या वेळाहून लक्ष्याच्या चेहऱ्यावर तो जास्त वेळ असतो. बाहुला नुसता बसलेला आहे आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्याकडे डोळे विस्फारून बघतोय, की आपली पाचावर धारण बसते. बेर्ड्यांचा विनोद सगळ्यांनी वाखाणला. बाहुल्याला खरं मानून त्याच्यासमोर थरथर कापण्याचं त्यांचं अवघड काम मात्र विनोदाखाली झाकलं गेलं.

२०१३ साली 'झपाटलेला २' आला. पहिला मराठी त्रिमिती चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली. तात्या तोच होता, प्रभावळकरांचा आवाजही तोच. पण बेर्डे २००४ च्या डिसेंबरमध्येच आपल्यातून गेले होते. चष्म्यातून तात्या अंगावर धावून आला, तरी घराघरांत आठवण निघते ती पहिल्याच चित्रपटाची. माझ्या मते याचं कारण तंत्रात नाही. बाहुल्याला घाबरणारा तसा माणूस दुसऱ्यांदा सापडला नाही.

जगातलं उदाहरणही हेच सांगतं. जिम हेन्सन यांनी १९५५ साली कर्मिट हा बेडूक तयार केला. १९७६ ते १९८१ या काळातला 'द मपेट शो' जगभर गाजला. त्यात दर भागात एक खराखुरा पाहुणा कलाकार यायचा आणि या बाहुल्यांशी बरोबरीच्या नात्यानं बोलायचा, भांडायचा, गायचा. हेन्सन १९९० साली वारले. २००४ साली मपेट्स डिस्ने कंपनीकडे गेले. २०१५ साली त्यांची नवी मालिका आली, ती एका हंगामात आटोपली. पैसा, प्रसिद्धी, तंत्र यांत काही कमी नव्हतं. तेवढ्यानं बाहुली बोलत नाही, हेच त्यातून दिसलं.

गावानं बोलावलं तर

बघणारेच उरले नाहीत की काय होतं, ते आपल्याकडे दिसतं सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांना एके काळी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांतून खेळ व्हायचे. आश्रय सरला, गावोगावचं बोलावणं आटलं आणि कला मोजक्या घरांपुरती उरली. परशुराम गंगावणे यांनी ती जिवापाड जपली, गावात संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान मोठाच, पण बाहुली कपाटातून बाहेर यायची तर गावातून सुपारी यावी लागते.

बारामती-इंदापूरच्या मातीला खेळ बघायची सवय जुनी आहे. गावोगावच्या जत्रांत तमाशाचे फड उतरले, तंबूतला सिनेमा लागला. गणेशोत्सवात वर्गणी काढून भाड्यानं व्हीसीआर आणला जायचा आणि अख्खी आळी पोत्यांवर बसून रात्रभर सिनेमे बघायची. 'झपाटलेला' ज्यांनी असा पाहिला, त्यांनी तो शेजाऱ्याचा हात धरून पाहिला. एकानं किंचाळावं, दुसऱ्यानं हसावं, तिसऱ्यानं डोळे मिटावेत, यातून त्या भीतीला गोडी आली. आजचं पोर तोच तात्या तुकड्यातुकड्यांनी, एकटं, कानात इअरफोन घालून बघतं. ते मंत्र पाठ म्हणतं, नक्कल करतं, तात्याचं चित्र मित्रांना पाठवतं. याचा अर्थ ओळख कायम आहे. थरार मात्र पातळ झाला आहे, कारण सोबत बघणारं कुणी नाही.

हाच मुलगा वर्गात बघा. बाईंनी जुन्या मोज्याला दोन बटणं शिवून डोळे केले आणि हातात घालून त्याला प्रश्न विचारायला लावला, की एरवी मान खाली घालून बसणारं पोर मोज्याकडे बघत उत्तर देतं. बाईंचा हात मनगटापर्यंत उघडा दिसत असतो, तरी ते बाईंकडे बघत नाही. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रात शिक्षकांना शिक्षणातल्या बाहुलीकलेचं प्रशिक्षण दिलं जातं, ते या अनुभवाच्या भरवशावरच. मोबाइल बघून बघून मुलांचं कुतूहल मेलं, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. समोर हाताच्या अंतरावर बाहुली बोलली, तर आजचं मूलही झपाटतं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे. नुसत्या नावावर आणि नव्या तंत्रावर तात्या फार काळ चालणार नाही. समोरासमोरच्या खेळावर अर्धवटराव आणखी शंभर वर्षं चालेल.

असा समोरासमोरचा खेळ हवा असलेली मुलं इथेच आहेत. दिवाळी झाली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाचा हंगाम रंगात येतो. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर इथल्या कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांत मराठवाड्यातून आईबापांबरोबर आलेली शेकडो मुलं असतात. त्यांची शाळा तुटलेली असते आणि करमणूक म्हणजे आईच्या हातातला फोन. दोन्ही तालुक्यांतल्या जत्रा समित्या, शाळांच्या गॅदरिंगचे आयोजक आणि साखर कारखाने यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: यंदा डीजेच्या खर्चातला एक वाटा बाजूला काढा आणि बोलक्या बाहुल्यांच्या किंवा पिंगुळीच्या कलावंतांना एक सुपारी द्या. खेळ गावात ठेवा आणि कोप्यांवरच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवा.