घशाची खवखव : कारणे आणि उपाय

अळूच्या भाजीत चिंच किंवा आमसूल घालण्यास विसरले तर घसा खवखवतो, हे प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात ठाऊक आहे. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जीभ व घसा यांच्या नाजूक आवरणास टोचतात व खाज सुटते. या खवखवीचे कारण घशातच असते, ते तत्काळ कळते, आणि थोड्या वेळाने त्रास आपोआप शमतो. याच नावाची दुसरी एक व्यथा मात्र अगदी निराळ्या स्वभावाची आहे. ती आठवडेच्या आठवडे टिकते. ताप नसतो, घसा फारसा लाल दिसत नाही, आणि ती केव्हा व कशाने सुरू झाली हे रुग्णास सांगता येत नाही. या दुसऱ्या खवखवीचे मूळ पुष्कळदा घशात नसतेच. ते नाकात असते, जठरात असते, श्वासाबरोबर आत जाणाऱ्या हवेत असते, क्वचित रोज घेतल्या जाणाऱ्या एखाद्या गोळीत असते. म्हणून केवळ घशावर इलाज करीत राहिल्याने ती जात नाही.

बंगळूर शहर या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची हवा सौम्य व आल्हाददायक म्हणून पूर्वीपासून वाखाणली गेली. तथापि नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या अनेकांना वर्ष-दोन वर्षांनी पहाटे शिंका, नाकातून पाणी आणि टाळू, कान व घसा यांत खाज असा त्रास सुरू होतो. पहिल्या वर्षी काहीच झाले नाही, मग हवेचा दोष कसा, असे त्यांस वाटते. परंतु हा विलंबच त्या विकाराचे लक्षण आहे.

वनस्पतींचे परागकण, धूळ यांसारखे पदार्थ बहुसंख्य माणसांना उपद्रव देत नाहीत. काहींचे शरीर मात्र त्यांतील प्रथिनांना शत्रू समजते व त्यांच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिपिंड तयार करू लागते. ही तयारी एका दिवसात होत नाही. तिला कित्येक महिने, कधी दोन-तीन ऋतू लागतात. एकदा ती झाली की नाक व घशाच्या आवरणातील काही पेशींवर हे प्रतिपिंड बसून राहतात. पुढे तोच परागकण आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. हिस्टामीन मज्जातंतूंच्या टोकांना चेतविते, आणि खाज सुटते. शरीराच्या या बदललेल्या प्रतिक्रियेस ॲलर्जी हे नाव व्हिएन्नाचे वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दिले. त्याआधीच, १८७३ साली, मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून परागकण हेच अशा त्रासाचे कारण असल्याचे दाखविले होते.

बंगळूरच्या हवेतील परागकणांचा अभ्यास बंगळूर विद्यापीठात प्रा. श्रीपाद आगाशे व त्यांचे सहकारी यांनी दीर्घकाळ केला. अशा अभ्यासात हवेत चिकट पट्टी ठेवून तिच्यावर जमणारे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. काम कंटाळवाणे, पण त्यावाचून कोणत्या महिन्यात कोणती वनस्पती दोषी हे समजत नाही. या शहरातील मोठ्या गुन्हेगारांपैकी एक महाराष्ट्रास चांगलाच परिचित आहे : गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. मूळ अमेरिका खंडातील हे तण पुण्यात १९५५ साली नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेस होणारा दाह सर्वश्रुत आहे; त्याचे परागकण श्वासमार्गासही बाधतात, हे मात्र तितके ठाऊक नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नाकाच्या ॲलर्जीच्या तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या त्वचेने या परागास प्रतिसाद दिला. हे कण पंधरा ते वीस सहस्रांश मिलिमीटर व्यासाचे असतात. एवढे मोठे कण सहसा फुप्फुसापर्यंत पोचत नाहीत. ते नाकात व घशातच अडकतात, आणि खाजही तेथेच सुटते.

सर्व दोष फुलांवर ढकलणेही बरोबर नव्हे. बंगळूरची समशीतोष्ण, दमट हवा अंथरुणातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किडींनाही मानवते. या किडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या विष्ठेने ॲलर्जी होते. पहाटे उठताच त्रास होत असेल व घराबाहेर पडल्यावर कमी होत असेल, तर संशय गादी-उशीवर घ्यावा. पावसाळ्यात ओलसर भिंतींवरील बुरशीची बीजके असतात. वाहनांचा धूर व बांधकामाची धूळ तर बाराही महिने असते. धूर ही ॲलर्जी नव्हे, पण आधीच चेतलेल्या आवरणास तो अधिक चेतवितो.

नाक बिघडले की त्यातील स्राव मागच्या बाजूने घशात उतरतो व तेथे सतत खाकरण्याची इच्छा होते. रुग्णाची तक्रार घशाची असते, दोष नाकाचा. असाच प्रकार जठराच्या बाबतीत घडतो. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणाऱ्यांच्या जठरातील आम्ल अन्ननलिकेतून वर चढून स्वरयंत्रापर्यंत येते. छातीत जळजळ न होताही असे घडू शकते; सकाळी आवाज बसलेला असणे ही त्याची खूण. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील औषधांनी काहींना घशात गुदगुल्या होऊन कोरडा खोकला लागतो. औषध बदलल्यावर तो काही आठवड्यांत थांबतो, पण बदल वैद्यानेच करावयाचा असतो.

अन्नामुळे होणारी खवखव ओळखणे सोपे वाटते, तसे ते नाही. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी ७४१ व्यक्तींना वांग्याविषयी विचारले, तेव्हा शेकडा नऊ जणांनी वांगे बाधते असे सांगितले. तपासणीत खरी ॲलर्जी शेकडा एकापेक्षाही कमी जणांत आढळली. म्हणून केवळ संशयावरून मुलांच्या आहारातून एकेक पदार्थ वगळीत जाणे हिताचे नाही.

निदानाचे पहिले साधन वहीच होय. त्रास कोणत्या वेळी, कोणत्या महिन्यात, घरात की बाहेर, जेवणानंतर की झोपेनंतर होतो, हे तीन-चार आठवडे टिपून ठेवल्यास वैद्याचे अर्धे काम होते. नंतर त्वचेवर परागाचा अर्क टोचून किंवा रक्त तपासून संशयाची खात्री करता येते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी थोडा आराम पडतो, एवढेच. नाक मिठाच्या पाण्याने धुणे अधिक उपयोगी. मात्र ते पाणी उकळून थंड केलेलेच हवे. जंतुनाशक प्रतिजैविकांचा ॲलर्जीवर काडीचाही उपयोग नाही, तरी ती दुकानातून मागून घेतली जातात. त्यामुळे जंतू मात्र त्या औषधांना निर्ढावतात. हिस्टामीनविरोधी गोळ्यांपैकी सेटिरिझिन वा लोराटाडीन या जुन्या गोळ्यांपेक्षा कमी झोप आणतात. नाकात फवारण्याची स्टेरॉइड औषधे नियमाने वापरावी लागतात व त्यांचा पूर्ण गुण येण्यास दिवस लागतात. दोन दिवसांत ती सोडून देणारेच अधिक. दोषी पराग निश्चित झाल्यास त्याचा अर्क अल्प मात्रेत वाढवीत नेऊन शरीरास सहनशील करण्याची पद्धती लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ साली सुरू केली. ती आजही वापरात आहे, पण तिला साधारण तीन वर्षे चिकाटी लागते. पांघरुणे, उशांचे अभ्रे आठवड्यास कढत पाण्यात धुणे आणि रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपणे, हे बिनखर्चाचे उपाय होत.

काही लक्षणांत वाट पाहू नये. खाणे, औषध किंवा कीटकदंश यानंतर घशास खाज सुटून ओठ-जीभ सुजू लागली वा श्वास कोंडला, तर रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असणे, गिळताना अडथळा, मानेत गाठ, थुंकीत रक्त, वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास, विशेषतः तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याने व धूम्रपान करणाऱ्याने, कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. कर्करोगाची शक्यता तेथे आधी दूर करावी लागते.

गाजरगवताच्या नियंत्रणासाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने मेक्सिकोहून आणलेला पट्टेरी भुंगेरा १९८४ साली तेथे सोडला. हा कीटक व त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने फस्त करतात, परंतु कोरड्या दिवसांत ते जमिनीत दडून बसतात, आणि एकेका रोपास हजारो बिया येतात. त्यामुळे शाळेच्या वा घराच्या आवारातील रोपे हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वीच, मुळासकट उपटणे इष्ट. ज्याचा घसा आधीच खवखवतो त्यास हे काम सांगू नये.