खांबापासून उंबरठ्यापर्यंत : जव्हार-मोखाड्यातील घरजोडणीच्या तारेचा मागोवा

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील वस्ती एका गावठाणात दाटलेली नसून डोंगरउतारांवरच्या पाड्यांत विखुरलेली आहे, आणि या भागातील विद्युतीकरणाचा विचार करताना हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यानंतर पुढची अनेक वर्षे महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की त्या गावाचे विद्युतीकरण झाले असे धरले जाई. वीज प्रत्यक्ष वस्तीत वापरली गेली पाहिजे ही अट १९९७ साली आली आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी हा निकष २००४ साली. जव्हारपासून मोखाड्याच्या टोकापर्यंत पसरलेल्या अशा मुलखात गाव मोजले गेले तरी पाडा त्यातून निसटू शकत होता.

१९८८-८९ मध्ये सुरू झालेली कुटीर ज्योती, २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांनी गरीब घराला जोडणी देण्याचे काम हाती घेतले, आणि ते मोलाचे होते यात शंका नाही. मात्र कुटीर ज्योतीची जोडणी मुळात एका दिव्यापुरती होती. पुढे त्याच प्रकारच्या घरांत पंखा आला, दूरदर्शन संच आला, मिक्सर आणि इस्त्री आली. भार वाढत गेला, पण खांबावरून घरात येणारी तार, जिला सर्व्हिस वायर म्हणतात, ती त्या मानाने बदलली का, हा प्रश्न जोडण्यांच्या आकडेवारीत कधी विचारला गेला नाही.

तारेच्या मापाची भाषाही या काळात बदलली. जुने वायरमन '१/१८' किंवा '३/२०' म्हणत. पहिला आकडा धाग्यांचा आणि दुसरा गेजचा, म्हणजे '३/२०' ही २० गेजचे तीन धागे असलेली, सुमारे २ चौरस मिलिमीटर छेदाची तार. आता तारेचे माप थेट चौरस मिलिमीटरमध्ये छापलेले असते. या मापावर दोन गोष्टी अवलंबून असतात : तार न तापता किती प्रवाह वाहू शकते आणि तिच्या लांबीत किती दाब गळतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. घर खांबापासून ४० मीटरवर असेल तर फेज आणि न्यूट्रल मिळून हा रोध जवळजवळ १ ओहम भरतो. ६० वॉटच्या एका दिव्याला पाव अँपिअर प्रवाह पुरतो, त्यामुळे गळती नगण्य राहते; पण १० अँपिअरचा भार पडला की याच तारेत सुमारे १० व्होल्ट जातात, आणि डीपीपासून, म्हणजे वितरण रोहित्रापासून, खांबापर्यंतची गळती त्यात मिळवली म्हणजे शेवटच्या घरातील पंखा मंद का फिरतो ते कळते.

यापेक्षा गंभीर प्रश्न संरक्षणाचा आहे. पूर्वी चिनी मातीच्या किटकॅटमध्ये फ्यूजची तार बसवली जाई. ५ अँपिअरची ही तार अवघी ०.२ मिलिमीटर जाडीची असते, आणि ती वितळली की तिच्या जागी हाताशी असलेल्या वायरचे दोन-तीन धागे पिळून बसवण्याची सवय सर्वत्र होती. १९२४ साली जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांच्या नावे नोंदलेल्या शोधातून पुढे आलेल्या एमसीबीने, म्हणजे प्रवाह वाढताच आपोआप पडणाऱ्या खटक्याने, ही सवय मोडली. पण 'मोठी बसवली की पडत नाही' हा समज मात्र टिकून राहिला. एमसीबी उपकरणासाठी नसून तारेसाठी असते. वर सांगितलेली तार साधारण १५ ते २० अँपिअरची असताना तिच्यावर ३२ अँपिअरची एमसीबी बसवली, तर ३० अँपिअर वाहत असतानाही खटका पडणार नाही आणि तार मात्र तापत राहील. कारवीच्या कुडावर उघडी ठोकलेली तापलेली तार काय करू शकते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

लांब तारेत आणखी एक अडचण दडलेली असते. १ ओहम रोधाच्या तारेच्या टोकाला शॉर्ट झाले तर २३० व्होल्टवर जास्तीत जास्त २३० अँपिअर वाहतात. 'सी' प्रकारची एमसीबी तत्काळ पडण्याची खात्री तिच्या मापाच्या दहापट प्रवाहालाच देता येते, म्हणजे ३२ अँपिअरच्या एमसीबीला ३२० अँपिअर लागतात, ते तेथे मिळतच नाहीत. १६ अँपिअरच्या एमसीबीला १६० पुरतात. खांब डीपीपासून दूर असेल तर शॉर्टचा हा प्रवाहही घटतो, म्हणून तेथे 'बी' प्रकारची, पाचपटीला खात्रीने पडणारी एमसीबी अधिक योग्य ठरते. जमिनीत गळणारा प्रवाह तर याहून कमी असतो, आणि भिजलेल्या भिंतींच्या पावसाळ्यात तो ओळखण्याचे काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीलाच, म्हणजे गळता प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या खटक्यालाच, जमते. वीज सुरक्षेच्या २०१० सालच्या विनियमांनी ५ किलोवॉटखालील घरगुती जोडण्यांना अशा उपकरणाच्या सक्तीतून वगळले होते. ज्या घरांना त्याची गरज सर्वाधिक, तीच त्यामुळे बाहेर राहिली.

जव्हार-मोखाड्यातून दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. परत येऊन महिनोन्महिने बंद असलेल्या घरात मेन स्विच चालू करण्यापूर्वी एमसीबीवरील अँपिअरचा आकडा आणि तारेवर छापलेला चौरस मिलिमीटरचा आकडा जाणत्या वायरमनकडून एकदा पडताळून घ्यावा.