सहीचा अधिकार आणि शहराचा कारभार

स्थानिक स्वराज्य संस्थेची कार्यक्षमता तपासताना तिचे अंदाजपत्रक, मनुष्यबळ आणि यंत्रसामग्री यांकडे प्रथम लक्ष जाते. परंतु कायदा तोच आणि माणसेही बहुतांशी तीच असताना एखाद्या संस्थेचा कारभार अल्पावधीत पालटतो, तेव्हा त्याचे कारण अधिकारांच्या वाटणीत शोधावे लागते. या वाटणीचा विचार व्यवस्थापनशास्त्रात ‘कर्मचारी-सबलीकरण’ या नावाने होतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार कर्मचाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पदाच्या रचनेतून येते. ज्या पदापर्यंत माहिती, साधने आणि वरिष्ठांचे पाठबळ पोहोचते, तेथे बेताच्या वकुबाचा माणूसही काम तडीस नेतो, आणि जेथे यांपैकी काहीच पोहोचत नाही, तेथे हुशार माणूसही नियमावर बोट ठेवून बसतो.

महानगरपालिकांत अधिकारांचे केंद्रीकरण मुळात कायद्यातच आहे. 1949 चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, जो पुढे बदललेल्या नावांनी महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत चालू राहिला, कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती देतो. त्यामुळे तुंबलेल्या गटाराच्या दुरुस्तीचा प्रस्तावही लिपिकाच्या टिपणीपासून निघून, टेबलोटेबली अभिप्राय गोळा करीत वर चढत राहतो. याच कायद्यात आयुक्तांना आपले काही अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवण्याची मुभाही आहे. यालाच अधिकारांचे प्रत्यायोजन म्हणतात.

या तरतुदीत किती बळ आहे, हे सुरतमध्ये दिसले. सप्टेंबर 1994 मध्ये तेथे प्लेगची साथ पसरल्याच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले आणि कचऱ्याचे ढीग व तुंबलेली गटारे यांमुळे सुरतची देशभर नाचक्की झाली. 1995 मध्ये आयुक्त झालेले एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागावर स्वतंत्र अधिकारी नेमला आणि त्याला आयुक्तांच्या तोडीचे प्रशासकीय व आर्थिक अधिकार दिले. अधिकाऱ्यांनी सकाळी वस्त्यांत फिरावे आणि दुपारच्या रोजच्या बैठकीत अडचणींचा निर्णय लावावा, असा परिपाठ पडला. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कष्टांकडे जाण्याच्या या धोरणाला ‘एसी टू डीसी’ असे चटकदार नाव मिळाले. दोनएक वर्षांत, ‘इंटॅक’ या संस्थेच्या पाहणीत, सुरत हे चंडीगडखालोखाल देशातील स्वच्छ शहर ठरले.

या यशात अतिक्रमणांवरील कारवाई, वसुलीतील शिस्त आणि साथीनंतरचा लोकमताचा रेटा यांचाही वाटा होता. म्हणून सारे श्रेय प्रत्यायोजनाला देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही अधिकार खाली गेले आणि त्यांचा हिशोब रोज वर आला, ही जोडी निर्णायक होती. हिशोबाविना दिलेला अधिकार मनमानीला वाट करून देतो, तर अधिकाराविना मागितलेला हिशोब कर्मचाऱ्याला केवळ कागद रंगवायला शिकवतो. सुरतमध्येही हे हस्तांतरण मुख्यतः अधिकारी वर्गात झाले. झाडू हाती असलेल्या कामगाराला आपल्या कामाच्या आखणीत किती स्थान मिळते, हा सबलीकरणाचा पुढचा आणि अधिक अवघड टप्पा आहे.

महाराष्ट्रात हिशोबाची बाजू कायद्याने भक्कम केली आहे. ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखला जाणारा 2005 चा अधिनियम नस्ती सामान्यतः सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ अडवू देत नाही. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी ‘पदनिर्देशित अधिकारी’, म्हणजे ती सेवा मुदतीत देण्यास जबाबदार असलेली व्यक्ती, ठरवतो आणि सबळ कारणाशिवाय चूक झाल्यास तिला 500 ते 5,000 रुपये दंड ठोठावण्याची तरतूद करतो. अशा व्यवस्थेत कोणत्याही पालिकेच्या सबलीकरणाची परीक्षा साधी आहे: ज्याच्या खिशातून दंड जाणार, त्याच्याच हाती निर्णयाची सही आहे की नाही, हे तिच्या प्रत्यायोजनाच्या आदेशात पाहावे.