सीडी नको, पेन ड्राइव्ह पुरे: जुन्या कॉम्प्युटरला पुन्हा कामाला लावू या



मागे धुळे जिल्ह्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. बिबड्या आणि पापडांचा चांगला धंदा करणारा गट. अध्यक्षताईंनी कपाटातून कापडात गुंडाळलेला लॅपटॉप काढला. तो सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं लागली. हिशेबाची फाइल उघडायला गेलो, तर तो तिथेच अडकून बसला. ताई म्हणाल्या, “दुकानवाला म्हणतो भंगारात द्या, नवा घ्या, तीस हजार लागतील. ताई, तीस हजारांत आमच्या तीन बायांची कर्जं निघतात.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण तो लॅपटॉप बिघडलेला नव्हता. त्याच्या अंगावर न पेलणारं ओझं होतं, एवढंच. तेच कसं उतरवायचं ते आज सांगतो.

कॉम्प्युटर हे घर समजा. घरात कोणी काय करायचं, भांडी कुठे ठेवायची, हे कारभारीण ठरवते. कॉम्प्युटरच्या कारभारणीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एमएस-सीआयटीला आपण शिकलो ती विंडोज. तिची नवी आवृत्ती येते तशी तिला जागा जास्त लागते. त्यातच विंडोज १० ची सुरक्षेची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर बसत नाही.

दुसरी कारभारीण आहे लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली. ती फुकट मिळते, आणि दुसरीला देणं हा गुन्हा नाही. विरजण कसं एका घरातून दुसऱ्या घरी जातं, तसंच. दुकानात पाचशे रुपयांत ‘विंडोज मारून’ देतात, ती बहुतेक वेळा चोरीची असते. इथे तो प्रश्नच येत नाही.

हे आपल्याकडे आधीही झालं आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते. त्यांना सीडीची खाच नव्हती आणि हार्ड डिस्कही नव्हती. मेमरी फक्त २५६ एमबी. दोन जीबीच्या साध्या मोबाइललाही त्याच्या आठपट असते. तरी ते चालले, कारण आत हलकं लिनक्स होतं. ते पेन ड्राइव्हवरूनच भरता येत असे.

आता कृती सांगतो. वही घ्या.

पहिलं काम, जुना माल बाहेर काढा. हिशेब, फोटो, ऑर्डरींच्या याद्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आमची सुरुवातीची चूक इथेच झाली. एका गटात आम्ही ‘डिस्क पुसा’ हा पर्याय पेन ड्राइव्हसाठी आहे असं समजून दाबला. दोन वर्षांचे फोटो आणि ग्राहकांची यादी गेली. कर्जाचे आकडे वाचले, कारण सचिवताईंनी वही लिहिणं सोडलं नव्हतं. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नीट लेखे ठेवण्याचं आहे. कॉम्प्युटर आला तरी वही बंद करू नका.

दुसरं, मशीन ओळखा. ‘धिस पीसी’वर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ बघा. रॅम किती आणि प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, ते लिहून घ्या. ६४ बिट आणि निदान २ जीबी रॅम असेल तर ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. १ जीबीच रॅम असेल किंवा मशीन ३२ बिटचं असेल, तर ‘अँटीएक्स’ घ्या.

तिसरं, फाइल उतरवा. ती त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. मिंटची फाइल दोन जीबीच्या वर जाते, म्हणजे मोबाइलच्या रोजच्या पॅकमध्ये बसत नाही. जिथे वायफाय आहे तिथे जाऊन उतरवा.

चौथं, पेन ड्राइव्ह तयार करा. ८ जीबीचा पुरतो. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. चालू असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ हा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा आणि सुरू करा. पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह नको.

पाचवं, त्यावरून मशीन सुरू करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताच एक कळ भरभर दाबत राहा. डेल, लेनोवो, एसर यांना बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९. यादी येईल, त्यात पेन ड्राइव्हचं नाव निवडा. यादी आली नाही तर घाबरू नका, बंद करून पुन्हा करा. आम्हाला कधी कधी चार वेळा करावं लागतं.

आता सर्वांत चांगली गोष्ट. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालून दाखवतं, मशीनमधल्या कशालाही हात न लावता. स्थळ बघून मगच होकार द्यावा तसं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, हे तपासा. पटलं तरच पुढे जा, नाही तर पेन ड्राइव्ह काढा, जुनं जसंच्या तसं आहे.

सहावं, बसवा. चार्जर लावूनच ठेवा, लाइट जाण्याची वेळ टाळा. पडद्यावरच्या ‘इन्स्टॉल’वर दाबा. भाषा, कीबोर्ड, वेळेसाठी कोलकाता, नाव आणि पासवर्ड विचारेल. ‘डिस्क पुसा’ येईल तिथे थांबा, फाइली बाहेर घेतल्यात ना, हे एकमेकींना विचारा, मगच दाबा. अर्धा ते एक तास लागतो. शेवटी सांगेल तेव्हा पेन ड्राइव्ह काढा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या.

बसवल्यावर लिब्रेऑफिस आत आलेलं असतं. एक्सेलच्या बहुतेक फाइली त्यात उघडतात. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड घातला की मराठी टायपिंग होतं. जुन्या कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं मात्र तो फॉन्ट घातल्याशिवाय वेडंवाकडं दिसतं.

सगळ्यांनी हे करावं असं आम्ही म्हणत नाही. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. बँक सखीच्या अंगठ्याच्या मशीनचं काम त्याच लॅपटॉपवर असेल, तर मशीन लिनक्सवर चालेल का ते आधी विचारा. आणि डिस्क किंवा बॅटरीच खराब असेल, तर कारभारीण बदलून घर दुरुस्त होत नाही.

त्या धुळ्याच्या गटाचा लॅपटॉप आता दोन मिनिटांच्या आत सुरू होतो. खर्च एका पेन ड्राइव्हचा. तीस हजार गटातच राहिले, आणि पुढच्या बैठकीत एका ताईला शेळ्यांसाठी कर्ज मिळालं. तो पेन ड्राइव्ह आता शेजारच्या गावच्या गटाकडे गेला आहे.

तुमच्या ग्रामसंघात असा पडून असलेला कॉम्प्युटर असेल, तर पुढच्या बैठकीत तो कपाटातून बाहेर काढा. आधी फाइली, मग पेन ड्राइव्ह, हा क्रम विसरू नका. आज इथेच थांबतो. नमस्कार.