टर्बो बसवणं सोपं, पचवणं अवघड

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. महिंद्राचा कारखाना इथलाच. २००२ साली स्कॉर्पिओ इथून बाहेर पडली ती २.६ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आणि १०९ अश्वशक्ती घेऊन. त्याआधी दोनच वर्षं आलेली बोलेरो बिनटर्बोची होती; पुढे तिलाही टर्बो मिळाला. टर्बोनं काय साधतं, हे या भागातल्या चालकांना वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या साध्या पेट्रोल गाडीलाही टर्बो बसवावा, असं अनेकांच्या मनात येतं ते घाटात. त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनाची ताकदही जवळपास तितकीच घटते. जव्हार-मोखाड्याकडून भरल्या गाडीनं वर येताना मग एसी बंद करून खालचा गिअर टाकावा लागतो.

टर्बो ही उणीव भरून काढतो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्येच या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

अडचण पुढे सुरू होते. दाबलेली हवा तापते. ३५ अंशांची हवा अर्धा बार दाबानं भरली, तर ती ९० अंशांच्या आसपास पोहोचते. साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच दहास एक किंवा त्याहून जास्त असतं. त्यात ही तापलेली हवा गेली की पेट्रोल वेळेआधी भडकतं, नॉकिंग होतं आणि पिस्टन फुटतो. म्हणून ही हवा गार करणारा इंटरकूलर हवाच. त्याच्या जोडीला मोठे इंजेक्टर, जास्त पुरवठा करणारा पंप, थंड प्रकारचे प्लग, दमदार रेडिएटर आणि क्लच लागतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, ट्यूनिंग: दाब वाढेल तसं इंधन वाढलं पाहिजे आणि ठिणगी थोडी उशिरा पडली पाहिजे.

जाणकार मेकॅनिक आधी कॉम्प्रेशन तपासतो. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर तो टर्बोचा विषय तिथेच थांबवतो. मग तो तेलाचा परतीचा पाइप बघतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर. ते तेल आपल्या वजनानंच खाली इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरायला हवं. त्यासाठी पाइप जाड आणि सतत उताराचा लागतो, आणि चेंबरमध्ये त्याचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर यावं लागतं. पाइपाला मध्येच झोल पडला की तेल तुंबतं, सीलमधून गळतं आणि गाडी निळा धूर सोडू लागते. अनेकदा अशा वेळी दोष टर्बोला दिला जातो. चूक पाइपाची असते.

तापलेल्या हवेचा आणि चढ्या कॉम्प्रेशनचा धडा मोठ्या कंपन्यांनाही महागात पडला आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत आलेली ओल्डस्मोबाइल जेटफायर ही टर्बो लावलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिचं कॉम्प्रेशन १०.२५ इतकं चढं ठेवलेलं होतं. नॉकिंग टाळायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावं लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली.

याउलट आपली टर्बो बोलेरो पाहा. अडीच लिटरच्या इंजिनातून कंपनीनं जेमतेम ६३ अश्वशक्ती मागितली. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो, पण खालच्या फेऱ्यांवर मिळणारा जोर आणि टिकाऊपणा यांसाठीच गावोगावी तिला मागणी राहिली. घरच्या गाडीला टर्बो बसवणाऱ्यानं हाच हिशोब डोळ्यांसमोर ठेवावा. ०.४ बारच्या आसपासचा दाब, चांगला इंटरकूलर आणि संयमी ट्यूनिंग एवढ्यावर थांबलं, तर इंजिन टिकण्याची शक्यता मोठी.

कायद्याकडेही डोळेझाक नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाजोगा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. त्यामुळे आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा करा, मगच मेकॅनिककडे जा. परवानगी मिळत नसेल, तर ही हौस ट्रॅकवरच्या गाडीपुरती ठेवा.

आणि काम झालंच, तर दोन सवयी लावून घ्या: तेल वेळेआधी बदलायचं, आणि घाट चढून आल्यावर गाडी मिनिटभर चालू ठेवून मगच चावी फिरवायची. दांड्याभोवतीचं तेल जळू नये म्हणून एवढं केलंच पाहिजे.